हॅम्बुर्गहून एका दिवसात समुद्र: कुक्सहाफेन की ट्राव्हेम्युंडे?

कृष्णाकाठ (सांगली):
नमस्कार. मी सांगलीत जर्मन भाषेची ए-२ पातळी पूर्ण केली असून येत्या जुलैमध्ये बी-१ च्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी हॅम्बुर्गला जाणार आहे. सोमवार ते शुक्रवार वर्ग असतील. सुटीचा एक दिवस समुद्रावर घालवावा अशी फार इच्छा आहे, कारण आम्हा सांगलीकरांना समुद्र म्हणजे आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठणे, आणि तेही बहुधा मुक्कामाच्या बेतानेच. हॅम्बुर्ग हे मोठे बंदर असले तरी नकाशात समुद्र तेथून बराच लांब दिसतो. सकाळी निघून रात्री परतता येईल असे ठिकाण कोणते? दुसरी काळजी अशी की, वर्गातील काही मराठी मुलेमुली सोबत येऊ म्हणतात; सगळा दिवस मराठीत बोलण्यात गेला तर घरच्यांनी एवढा खर्च करून पाठवल्याचे चीज होणार नाही, असे मनात येते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा (सातारा):
मी काही काळ हॅम्बुर्गला शिकलो आणि आता साताऱ्यात जर्मन शिकवतो. माझे मत निःसंशय कुक्सहाफेनच्या बाजूने आहे.

हॅम्बुर्ग एल्ब नदीवर, मुखापासून सुमारे १०० किलोमीटर आत वसले आहे आणि ही नदी जेथे उत्तर समुद्राला मिळते तेथेच कुक्सहाफेन आहे. प्रादेशिक रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येते. डॉइचलांड-टिकीट, म्हणजे जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांना चालणारे मासिक तिकीट, घेणार असाल (जानेवारी २०२६ पासून त्याचा महिन्याचा दर ६३ युरो आहे) तर वेगळा खर्च येत नाही. मात्र ते जलद आयसी आणि आयसीई गाड्यांना चालत नाही आणि ही मासिक वर्गणी असल्यामुळे महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द न केल्यास पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

तेथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. भरतीच्या आणि ओहोटीच्या पातळीत साधारण तीन मीटरचा फरक पडतो आणि किनारा अत्यंत सपाट असल्यामुळे ओहोटीला पाणी कित्येक किलोमीटर मागे हटते. उरतो तो ओल्या चिखल-वाळूचा अफाट पट्टा. २००९ मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अनवाणी चालताना वाळूतल्या किड्यांनी बाहेर टाकलेल्या, शेवयांच्या गुंडाळीसारख्या बारीक ढिगाऱ्या पावलोपावली दिसतात. तेथून सुमारे दहा किलोमीटरवरील नॉयवेर्क बेटापर्यंत लोक चालत किंवा घोडागाडीने जातात. पण अनोळखी माणसाने वाटाड्याशिवाय तिकडे पाऊल टाकू नये. भरतीचे पाणी समोरून येताना दिसते असे नाही, ते आधी खोलगट ओहोळांतून शिरते आणि आपण बेसावध असताना परतीची वाट अडवते. अडकलेल्यांना चढून बसता यावे म्हणून त्या वाटेवर खांबांवर उंच पिंजरे उभारलेले आहेत, यावरून काय ते समजावे. म्हणून आधी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि मग गाडी ठरवावी. पावसाळ्यात आपण सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकते आहे का हे पाहूनच बाहेर पडतो, तशीच ही सवय आहे. या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे मागच्या आठवड्यात जाऊन आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ उपयोगाची नाही.

भाषेच्या दृष्टीने मला तेथील ‘आल्टे लीबे’ हा जुना धक्का अतिशय मोलाचा वाटतो. हॅम्बुर्गकडे जाणारी-येणारी जहाजे समोरून जात असताना ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे नाव, लांबी, कोठून आले आणि कोठे निघाले याची माहिती जर्मनमध्ये सांगितली जाते. जहाज डोळ्यांसमोर असल्यामुळे आकडे आणि देशांची नावे आपोआप उलगडत जातात. वर्गातल्या ध्वनिफितीने एवढा सराव होत नाही. एक वही जवळ ठेवावी आणि ऐकलेले टिपून घ्यावे.

मिरज जंक्शन:
अजिंक्यतारा यांचे म्हणणे पटते, परंतु ज्यांना निवांत किनारा हवा त्यांच्यासाठी बाल्टिक समुद्रावरचे ट्राव्हेम्युंडे सोयीचे आहे. हॅम्बुर्गहून ल्युबेक पाऊण तास आणि तेथून गाडी बदलून किनाऱ्याजवळच्या स्थानकापर्यंत आणखी सुमारे वीस-पंचवीस मिनिटे. बाल्टिक समुद्र अरुंद सामुद्रधुन्यांनी बाहेरच्या समुद्राशी जोडलेला असल्यामुळे तेथे भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही आणि वेळापत्रकाची चिंता राहत नाही. वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या, छत असलेल्या वेताच्या खुर्च्या तेथे दिवसाच्या भाड्याने मिळतात. ती घेताना दर, वेळ, अनामत, उन्हाकडे तोंड करून हवी की कसे, असे बरेच बोलणे होते आणि ते सगळे तुम्ही स्वतः करावे. तुमचे उच्चार ऐकून समोरच्याने इंग्रजी सुरू केली, तर आपण जर्मन शिकत असून जर्मनमध्येच बोलायला आवडेल, असे नम्रपणे सांगावे. लोक आनंदाने मान्य करतात.

मराठी मंडळींना मात्र टाळू नये, परक्या मुलखात त्यांचा मोठा आधार असतो. सोबत वर्गातील अन्य देशांचे एक-दोघे घेतले की दिवसभर जर्मनशिवाय कोणाचेच चालत नाही.

कृष्णाकाठ:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. कुक्सहाफेनचे नक्की करते. मला कृष्णेत पोहण्याची सवय आहे. तेथे पोहता येईल का?

अजिंक्यतारा:
नदीतल्या सवयीवर तेथे विसंबू नये. पाणी जुलैतही बरेच गार असते आणि ओहोटीची ओढ जोरकस असते. भरतीच्या सुमारास, जीवरक्षकांच्या चौकीवर लाल-पिवळा झेंडा असेल तेथेच पाण्यात उतरावे. त्यासोबत पिवळा झेंडा लागला असेल तर सराव कमी असणाऱ्यांनी बाहेर थांबावे आणि नुसता लाल असेल तर कोणीही उतरू नये. वाऱ्यासाठी जाडसर जाकीट न्यावे. किनाऱ्यावर दिवसभरासाठी आलेल्यांकडूनही थोडे शुल्क घेतात, त्याची पावती जपून ठेवावी. पाच जणांपर्यंतचा गट झाला आणि कोणाकडे मासिक तिकीट नसेल तर नीडरझाक्सन-टिकीट (कुक्सहाफेन ज्या राज्यात आहे त्या नीडरझाक्सनचे एका दिवसाचे तिकीट) एकत्र काढावे. ते हॅम्बुर्गपासूनही चालते.