पाचवीपासून वर्गात टॅब: शाळेला काय कळवावे?

सदनिका ४०२: नमस्कार. शाळेने पाचवीपासून वर्गात टॅब वापरण्याबाबत पालकांचे मत मागवले आहे आणि आपल्याकडची बरीच मुले त्याच शाळेत असल्याने इथे विषय काढते आहे. ‘स्क्रीन वाईट’ किंवा ‘काळाबरोबर चालायला हवे’ एवढ्यावरच उत्तर देऊ नये, असे मला वाटते.

सदनिका ११०३: ताई, दप्तराचे ओझे हलके होईल, हेच मला पुरेसे कारण वाटते.

सदनिका २०१: काका, ओझे हलके होईल, पण तेवढ्याने शिकणे वाढत नाही. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांनी २०१३ मध्ये मुलांना आयपॅड वाटायला सुरुवात केली, तेव्हा काही आठवड्यांतच मुलांनी त्यावरचे निर्बंध चुकवले आणि पुढच्याच वर्षी तो करार थांबवावा लागला. स्वीडननेही २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा निधी दिला. उलट, दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांमध्ये संगणकावर प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचीच उदाहरणे दिली गेली, तेव्हा गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत मुलांची चांगली प्रगती झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे फरक उपकरणापेक्षा त्यावर काय करून घेतले जाते याचा आहे.

सदनिका ४०२: अगदी बरोबर. माझ्या भाच्याच्या टॅबवर एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश हे उदाहरण आले होते. त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन सप्तमांश हा पर्याय निवडला, लाल फुली आली, मग हिरवी खूण येईपर्यंत त्याने उरलेले पर्याय एकेक करून दाबले आणि वर शाबासकीचा ताराही मिळवला. छेद समान का करायचे, हे मात्र त्याला कोणीच विचारले नाही. वहीत हीच चूक बाईंच्या नजरेतून सुटली नसती.

सदनिका ११०३: हे पटले. मग नको म्हणून कळवायचे का?

सदनिका २०१: सरसकट नको म्हणू नये. कोन फिरवून पाहणे, उच्चार ध्वनिमुद्रित करून स्वतःच ऐकणे, दृष्टिदोष असलेल्या मुलासाठी अक्षरे मोठी करणे, ही कामे कागदावर होत नाहीत. त्यांसाठी टॅब जरूर असावा. दीर्घ वाचन आणि उदाहरणांच्या पायऱ्या मात्र पुस्तक-वहीतच राहाव्यात. शिवाय पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२ च्या पाहणीत, गणिताच्या निदान काही तासांना डिजिटल साधनांमुळे लक्ष विचलित होते, असे सुमारे ६५ टक्के विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगितले होते, त्यामुळे काम झाल्यावर टॅब कपाटात जाणार की बाकावरच राहणार, हेही विचारायला हवे.

सदनिका ४०२: आणि मुलाने कोणती चूक केली हे शिक्षकांना दिसते की फक्त गुण दिसतात, हा प्रश्न मी सर्वांत वर घेते. शिक्षकांचे प्रशिक्षण, मुलांची माहिती कोणाकडे साठते आणि टॅब बिघडला तर जबाबदारी कोणाची, हे त्याखाली. पत्राचा मसुदा आज रात्री इथे टाकते. ज्यांची मुले चौथीत आहेत त्यांनी कृपया आधी वाचावा, कारण पहिली तुकडी त्यांचीच असेल.