फुफ्फुसाचा कॅन्सर: जनुक चाचणीच्या रिपोर्टसाठी तीन आठवडे थांबायचं का?

घोडबंदरवाला
माझे मोठे काका, वय ६८, वर्तकनगरला राहतात. फुफ्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. जन्मात विडी ओढली नाही. आधी चार महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, त्यात वेळ गेला तो गेलाच. आता डॉक्टर म्हणतात, गाठीच्या तुकड्याची एनजीएस करून घ्या. म्हणजे गाठीतली बरीच जनुकं एकदम तपासायची. आम्हाला सांगितलेला खर्च पस्तीस हजार आणि रिपोर्टला तीन आठवडे. इकडे काकांना आडवं होता येत नाही, चार उशा रचून बसल्या बसल्या झोपतात. माझं मत सरळ आहे: केमो उद्या सुरू करा, जनुकं मागाहून बघू. हा निम्मा लॅबवाल्यांचा धंदा वाटतो. चुलतभाऊ म्हणतो थांबू. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललेलं नाही.

नेरूळची_लेक
चुलतभावाचं ऐक. माझ्या आईच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल निघाला. त्याच बदलावर चालणारी रोज एक गोळी, जेफिटिनिब २५० मिलिग्रॅम, जेनेरिक, महिन्याला काही हजारांत भागायची. तीन आठवड्यांत आई गॅलरीत उभी राहून भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, पायाच्या अंगठ्याला नखुरडं झालं, पण केस गेले नाहीत. अडीच वर्षं मिळाली. गोळीने आजार गेला नाही, हेही सांगते.

तीनहातनाका
ताई, तुमचा रिपोर्ट स्वस्त गोळीचा निघाला म्हणून हे सगळं गोड वाटतंय. माझ्या वडिलांनाही ईजीएफआरच निघाला. डॉक्टर म्हणाले ओसिमर्टिनिब ही त्यावरची नवी गोळी सगळ्यात चांगली. महिन्याचा खर्च लाखाच्या पुढे. २०२४ च्या बजेटमध्ये त्यावरचं आयात शुल्क काढलं, पेढे वाटले लोकांनी. शुल्क गेलं तरी लाखाचे काही हजार झाले नाहीत ना! बाबांनी स्वतःच रिपोर्ट वाचला आणि ठाण्यातली खोली विकू का म्हणून विचारलं. औषध आहे पण आपल्यासाठी नाही, हे पैसे मोजून कशाला कळून घ्यायचं? घोडबंदरवाले, तुमचं बरोबर आहे.

कोपरीकर
दोघांचंही थोडं थोडं चुकतंय.

आधी घोडबंदरवाल्यांना. न तपासण्यात धोका केमोचा कमी आणि अंदाजाने गोळी देण्याचा जास्त. ‘विडी ओढत नाहीत ना, मग गोळी लागू पडेल’ असं म्हणणारे अजून भेटतात. २००९ साली आयपास नावाचा अभ्यास आला. आशियातले रुग्ण, बहुतेक कधीच धूम्रपान न केलेले. ज्यांच्या गाठीत ईजीएफआरचा बदल होता, त्यांच्यात जेफिटिनिबने १०० पैकी ७१ जणांची गाठ आकसली. ज्यांच्यात बदल नव्हता, त्यांच्यात जेमतेम एकाची, आणि त्यांना केमोच बरी ठरली. रुग्ण बाहेरून सगळे सारखेच दिसत होते. अंदाजपंचे दाहोदरसे करायची ही जागा नाही.

आता तीनहातनाका. महागडी गोळी नसेल तर सगळं संपलं, असं नाही. आपल्या टाटा मेमोरियलने ईजीएफआरच्या ३५० रुग्णांवर अभ्यास केला, २०२० मध्ये छापून आला. नुसत्या जेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, तीच गोळी अधिक केमो दिल्यावर १६ महिने. दोन्ही औषधं जुनी आणि परवडणारी. त्रास मात्र बराच वाढला, साधारण दुपटीने.

तीनहातनाका
हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आता उपयोगही नाही. असो.

पॅराफिन
महाप्याच्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथला, म्हणजे गाठींचे तुकडे तपासायच्या विभागात आहे, म्हणजे ज्याला तुम्ही ‘धंदा’ म्हणता त्यातलाच. रागावलो नाही. तुकडा म्हणजे काय ते सांगतो, कारण भांडण तीन आठवड्यांवर चाललंय आणि खरी अडचण तुकड्याची असते.

सुईने काढलेला नमुना शेवईच्या तुकड्याएवढा. तो मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम या काप काढायच्या मशीनवर त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप घ्यायचे. प्रत्येक स्टेनला, म्हणजे पेशी ओळखायला लावतात त्या रंगाला, एक काप. ब्लॉक मशीनवरून उतरवून पुन्हा चढवला की पातळी जुळवतानाच काही काप वाया जातात. कॅन्सर कुठून आला हे ठरवायला दहा-बारा स्टेन मारले की जनुकांसाठी उरतं नुसतं मेण. मग रुग्णाला पुन्हा सुई. माझ्यासमोर असे ब्लॉक येतात आणि उजेडात धरून बघितलं तरी आत काही दिसत नाही. म्हणून बायोप्सीच्या फॉर्मवरच लिहून घ्या: जनुकांसाठी काप राखून ठेवा. हाडातून तुकडा घेणार असतील तर ते आधी सांगा. हाड मऊ करायला जोरदार अ‍ॅसिड वापरलं की डीएनएची वाट लागते.

आणि सगळ्यालाच तीन आठवडे लागत नाहीत. एएलके या दुसऱ्या जनुकातला बदल स्टेनने दोन-तीन दिवसांत कळू शकतो. ईजीएफआरचा, पीसीआर नावाच्या चाचणीने, आठवड्याच्या आत. पीसीआर ठरावीक बदलच पकडतो, तेवढं लक्षात ठेवा. रक्तातूनही तपासता येतं, पण त्यात बदल दिसला तर खरा, नाही दिसला तर ‘नाही’ असं समजू नये.

घोडबंदरवाला
हे दोन-तीन दिवसांचं मला पाच जणांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. धंदा हा शब्द मागे घेतो, निम्मा. पण काकांचा दम वाढला तर मी रिपोर्टची वाट बघणार नाही.

कोपरीकर
बघूही नका. फुफ्फुसाभोवती पाणी साठलंय का ते आधी विचारा, ते काढल्यावर कित्येकांना त्याच दिवशी आडवं होता येतं. तब्येत ढासळत असेल तर एक केमो देऊन रिपोर्टची वाट बघतात. फक्त त्या पहिल्या सलाईनमध्ये इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध, आहे का ते विचारा. ती आधी दिली आणि नंतर ओसिमर्टिनिब सुरू करायची वेळ आली, तर फुफ्फुसाला सूज यायचा धोका वाढतो. शिवाय ईजीएफआर किंवा एएलकेच्या गाठींवर ती फारशी चालतही नाही.

तीनहातनाका
आणि पैशाचं आधी बोला. रिपोर्ट हातात पडल्यावर नाही. हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडे नाव घाला, कंपनीची मदत योजना असते का ते विचारा. आम्ही लाजत बसलो.

घोडबंदरवाला
आज पाणी काढलं, सव्वा लिटर. काका दोन उशांवर आलेत. पाण्यातल्या पेशींचाही ब्लॉक करतात म्हणे, तो तपासायला ठेवलाय. बायोप्सीचा ब्लॉक अर्ज देऊन सोडवून आणला, उद्या पनवेल लोकलने खारघरला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये दुसरं मत घ्यायला नेतोय. चुलतभाऊ बरोबर येतोय. काकूंनी तो ब्लॉक फ्रीजमध्ये ठेवलाय, दह्याच्या शेजारी. चालेल ना?

पॅराफिन
चालेल. कपाटातही चालला असता. फक्त फ्रीझरमध्ये टाकू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत विसरू नका.