विषय: शिष्यवृत्तीची ठेव आणि तुरुंगाचे समभाग

प्रेषक: बाळासाहेब, खजिनदार (फिनिक्स)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

हिशेब तपासताना एक गोष्ट दिसली, ती सगळ्यांपुढे ठेवतो. इंदूरच्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आपल्या मंडळाने जी ठेव बाजूला काढली आहे, तिचा काही भाग लहान कंपन्यांच्या एका इंडेक्स फंडात आहे, म्हणजे ठरलेल्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांचे थोडे थोडे समभाग घेणाऱ्या फंडात. त्या फंडाची पूर्ण यादी मी या वेळी पहिल्यांदाच नीट वाचली. तीत कोअरसिव्हिक आणि जीईओ ग्रुप ही दोन नावं आहेत. दोन्ही कंपन्यांचा धंदा तुरुंग चालवण्याचा. पहिली 1983 साली टेनेसीत करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या नावाने निघाली आणि 2016 मध्ये तिने नाव बदललं.

आपल्या वाट्याची रक्कम अगदी थोडी आहे. तरी ती दोन नावं वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे एलॉय येतं. इथे अॅरिझोनात फिनिक्सहून टूसॉनला जाताना कापसाच्या शेतांमधलं हे छोटं गाव लागतं. तिथल्या कोअरसिव्हिकच्या साग्वारो तुरुंगात हवाई राज्याचे कैदी आणून ठेवतात, कारण हवाईत त्यांना जागा नाही. म्हणजे मुलाला भेटायचं तर आईने अर्धा पॅसिफिक महासागर ओलांडून यायचं.

अमेरिकेत राज्यांचे आणि केंद्राचे मिळून जेवढे कैदी आहेत, त्यांतले साधारण 8 टक्के खासगी तुरुंगांत असतात. इमिग्रेशनच्या कोठडीत मात्र दहातले नऊ जण खासगी कंपन्यांच्या ताब्यात असतात. सरकारचं धोरण निवडणुकीगणिक फिरतं. ऑगस्ट 2016 मध्ये केंद्रीय न्याय खात्याने खासगी तुरुंगांशी असलेले करार हळूहळू बंद करायचं ठरवलं, 2017 मध्ये तो निर्णय रद्द झाला, 2021 मध्ये बायडन यांनी पुन्हा बंदीचा आदेश काढला (इमिग्रेशनची कोठडी त्यातून वगळून), आणि 2025 च्या जानेवारीत तोही गेला. कोलंबिया विद्यापीठाने 2015 मध्येच या कंपन्यांमधले पैसे काढून घेतले होते.

आपण काय करावं? इंदूरला असलेल्यांनीही जरूर लिहावं, कारण पैसे तिथल्या मुलांसाठी आहेत.

आपला,
बाळासाहेब

प्रेषक: अप्पा (ऑकलंड)

बाळासाहेब, यादी वाचलीत हे चांगलं केलंत. पण घाईने काही ठरवू नये असं मला वाटतं.

आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये खासगी तुरुंगांचे बरे-वाईट दोन्ही अनुभव आहेत. इथला माउंट ईडन तुरुंग सर्को कंपनीकडे होता. कैद्यांच्या मारामाऱ्यांचे व्हिडिओ 2015 मध्ये बाहेर आले आणि सरकारने तो तुरुंग परत ताब्यात घेतला. वाईट झालं, आणि ते सगळ्या देशाने पाहिलं. त्याच वर्षी विरी इथे त्याच कंपनीचा नवा तुरुंग सुरू झाला. त्याच्या करारात सुटलेले लोक पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण सरकारी तुरुंगांपेक्षा कमी राहिलं तर कंपनीला जादा पैसे मिळतात. करार नीट लिहिला तर नफा चांगल्या कामाकडेही वळवता येतो, एवढंच माझं म्हणणं.

दुसरं असं की आपण ज्या सरकारी तुरुंगाच्या बाजूने बोलणार, तो आहे कसा? 2022 च्या सरकारी आकड्यांनुसार भारतातल्या तुरुंगांत 4,36,266 जणांची सोय होती आणि आत 5,73,220 माणसं होती. शंभर जणांच्या जागेत 131. यात कोणाचाही नफा नाही, तरी हाल आहेतच. मग ‘नफा’ या शब्दाचा एवढा विटाळ कशाला?

वहिनी, तुम्ही रोज कोर्टात असता. तुमचं मत वाचायला आवडेल.

अप्पा

प्रेषक: वकीलकाकू (रामबाग, इंदूर)

बाळासाहेब, अप्पा भावजी आणि सर्व मंडळी,

उत्तराला दोन दिवस लागले. या आठवड्यात विधी सेवेच्या (गरिबांना मोफत वकील देण्याच्या) कामाने दोनदा जेलमध्ये जाणं झालं, आणि जे लिहायचं होतं ते तिथेच सुचलं.

आलीराजपूरकडचा एक मुलगा आहे, वीस-एकवीस वर्षांचा. बायपासला बांधकामावर मजुरी करत होता. जेल रोडवर मोबाइल चोरीच्या गुन्ह्यात पकडला गेला. खरं-खोटं कोर्ट ठरवील. त्याची जमानत मंजूर होऊन पाच आठवडे झाले, आणि तो अजून आतच आहे. जामीनदार मिळत नाही. आपल्याकडे जामीनदाराने जमिनीची ऋणपुस्तिका, म्हणजे मालकीची वही, घेऊन कोर्टात उभं राहायचं असतं. या मुलाच्या बापाकडे कोरडवाहू तुकडा आहे, तोही भावाभावांत न वाटलेला, आणि कागद काकाच्या घरी. काका यायला तयार नाही.

आता मला हे प्रकरण कळलं कसं? त्याच्या घरून कोणी आलं नव्हतं. कळवलं जेलने. सुप्रीम कोर्टाच्या 2023 च्या निर्देशाप्रमाणे जमानत होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. पण नियम आहे म्हणून सगळं होतं असं नाही, हे कोर्टात उभं राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. इथे झालं, कारण जेलवाल्यांना तो मुलगा आत नकोच आहे. बराकीत झोपायला जागा नाही, पाण्यावरून भांडणं होतात, प्रत्येकाला पेशीवर, म्हणजे कोर्टात तारखेला, न्यायला शिपाई पुरत नाहीत. मी गेले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी यादी माझ्यापुढे ठेवली. “मॅडम, यातले जेवढे काढता येतील तेवढे काढा,” म्हणाले. आजारी किती, कोणाची पेशी तीनदा चुकली, कोणाला मुलाकातीला कोणीच येत नाही, सगळं त्यांनी आपणहून सांगितलं.

भावजी, त्या गर्दीतले हाल तुम्ही लिहिले त्याहून वाईट आहेत. पण त्या गर्दीमुळेच जेलचा अधिकारी माझ्या बाजूला आहे. एक माणूस सुटला तर त्याचं ओझं हलकं होतं.

आता तीच खुर्ची कंपनीची समजा. पैसे माणशी, रोजचे. मुलगा पाच आठवडे जादा राहिला म्हणजे पस्तीस दिवसांची जादा कमाई. त्या खुर्चीवरचा माणूस दुष्ट असायची गरज नाही. यादी माझ्यापुढे ठेवायला त्याने दोन दिवस उशीर केला, फोन उचलला नाही, तरी पुरे. अमेरिकेतल्या कित्येक करारांत तर खाटा किती भरलेल्या राहतील याची हमी सरकार देतं. 80 टक्के, 90 टक्के, आणि बाळासाहेबांच्या अॅरिझोनात काही ठिकाणी 100 टक्के. खाट रिकामी राहिली तरी तिचे पैसे भरायचे. म्हणजे गुन्हे कमी झाले, लोक सुटले, तर तो सरकारचा तोटा. आपल्या देशात चारातले तीन बंदी कच्चे आहेत, 2022 मध्ये 4,34,302. गुन्हा शाबित झालेला नाही अशी ही माणसं. त्यांच्या दिवसांवर कोणाची तरी मिळकत ठरू लागली तर काय होईल, या विचाराने माझा जीव घाबरतो.

पेनसिल्वेनियातल्या लुझर्न काउंटीत ते घडून गेलं आहे. सियावरेला आणि कॉनाहन हे दोन न्यायाधीश. काउंटीचं जुनं बालगृह बंद पाडलं आणि मुलांना नव्या खासगी बालगृहात धाडू लागले. त्याच्या बांधकाम करणाऱ्याकडून आणि मालकाकडून त्यांना 20 लाख डॉलरहून जास्त पैसे पोचले. शाळेच्या उपमुख्याध्यापिकेची इंटरनेटवर चेष्टा केली म्हणून एका मुलीलाही घरापासून दूर धाडलं. कित्येक मुलांना वकीलही नव्हता. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये हजारो मुलांवरचे निकाल पुसून टाकले. 2011 मध्ये सियावरेलाला 28 वर्षं आणि कॉनाहनला साडेसतरा वर्षं शिक्षा झाली. तुम्ही म्हणाल, हा लाचेचा गुन्हा, त्याची शिक्षाही झाली. खरंच आहे. पण ती लाच द्यावी असं कोणाला का वाटलं? भरलेल्या खाटेला भाव होता म्हणून. तीस वर्षं वकिली करताना मी न्यायाधीशांपुढे मान झुकवली आहे. हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमच्या विरीच्या कराराबद्दल लिहिते. तो खाटा मोजणाऱ्या करारापेक्षा नक्कीच बरा आहे, मी नाकारत नाही. पण मुलगा सुटल्यावर पुन्हा गुन्हा करतो की नाही, हे कळायला वर्षं लागतात. आज रात्री बराकीत दोनाऐवजी एकच पहारेकरी ठेवला तर पगार आजच वाचतो. आणि कैदी काही गिऱ्हाईक नव्हे. आपल्या सराफ्याच्या खाऊबाजारात एका दुकानाची जलेबी आवडली नाही तर आपण शेजारच्या दुकानात जातो. आतल्या माणसाला ते दार नाही. त्याची तक्रार ऐकणारा तोच, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी 2016 मध्ये खासगी आणि सरकारी केंद्रीय तुरुंग ताडून पाहिले. ज्या बाबी तपासल्या त्यांतल्या बहुतेकांत सुरक्षेचे प्रकार माणशी खासगीतच जास्त निघाले.

पण समजा, खासगी तुरुंग उत्तम निघाला. गाद्या स्वच्छ, जेवण वेळेवर. तरी? इस्रायलने 2004 मध्ये खासगी तुरुंगाचा कायदा केला, बीरशेबाजवळ इमारतही उभी राहिली. नोव्हेंबर 2009 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द केला. तोवर त्या तुरुंगात एकही कैदी आलेला नव्हता. म्हणजे तिथले हाल बघून हा निकाल झाला नाही. माणसाला कोंडण्याचा अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे देणं हाच त्याच्या प्रतिष्ठेवर आणि स्वातंत्र्यावर घाला आहे, असं कोर्टाने म्हटलं. मला ते मनापासून पटतं. सरकार आपल्या नावाने कोंडतं. त्याचं ओझं तुमच्या-माझ्यावर आहे, आणि ते ठेक्याने देता येत नाही.

जेलच्या भिंतीआत बाहेरच्यांनी येऊच नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. आमचे आजोळचे लोक औंधचे. राजेसाहेबांनी 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, मॉरिस फ्रीडमन म्हणजे आपले भारतानंद यांच्या सूचनेवरून. जन्मठेपेचे कैदी भिंतीशिवाय राहिले, शेती केली. ती कल्पना एका पोलिश इंजिनिअरची, सरकारी खात्याची नव्हे. इंदुरातही 2018 पासून खुली कॉलनी आहे. शिक्षा झालेले बंदी तिथे बायकापोरांसह राहतात आणि दिवसा बाहेर कामाला जातात. अशा कामाला मंडळाने दोन्ही हातांनी मदत करावी. तिथे बाहेरचा माणूस काहीतरी द्यायला येतो.

शिष्यवृत्तीचे पैसे त्या फंडातून काढावेत असं मी आग्रहाने म्हणते.

तुमची,
काकू

प्रेषक: मिनू (अटलांटा)

काकू, बाळासाहेब, अप्पाकाका,

मी या लिस्टवर फारशी लिहीत नाही. पण हे आमच्या घरात होऊन गेलं आहे.

माझा मामेभाऊ, सुदामानगरचा, व्हिसाच्या घोळात सापडला आणि सात आठवडे कोठडीत होता. जागेचं नाव लिहीत नाही. आमच्या घरापासून तीन तासांवर, एका खासगी कंपनीचं केंद्र. त्याच्यावर कोणताही गुन्हा नव्हता. पहिल्या भेटीला गेलो तर कळलं की आदल्या रात्री त्याला दुसऱ्या राज्यात हलवलं आहे. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. फोनसाठी खात्यात पैसे भरावे लागत, आणि मामी इंदूरहून रोज विचारायची, आज बोलला का?

आत तो स्वयंपाकघरात काम करायचा. दिवसाला एक डॉलर. बाहेर आल्यावर त्याने पहिली गोष्ट ही सांगितली, आणि सांगताना त्याला शरम वाटत होती. शरम त्याला का वाटावी? वॉशिंग्टन राज्यात अशाच मजुरीवरून जीईओवर दावा झाला, आणि 2021 मध्ये ज्यूरीने कोठडीतल्या लोकांना 1 कोटी 73 लाख डॉलर द्यायला सांगितले. ते वाचून मी त्याला फोन केला. तो नुसता “हो का?” म्हणाला.

पैसे काढा. प्लीज.

मिनू

प्रेषक: अप्पा (ऑकलंड)

मिनू बेटा, तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. काय लिहावं सुचत नाही. मामींना आमचा नमस्कार सांग.

वहिनी, जेलवाल्यांना मुलगा आत नको असतो, ही बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. विरीबद्दल माझं मत अगदीच बदललं असं म्हणणार नाही. मी त्या करारातलं बक्षीस पाहत होतो, रोजचा हिशेब पाहिला नव्हता. एक शंका मात्र राहते. आपण समभाग विकले तर दुसरा कोणी घेईल, आतला एकही माणूस त्याने सुटणार नाही. तरी विकायचे?

अप्पा

प्रेषक: वकीलकाकू (रामबाग, इंदूर)

भावजी, बरोबर आहे, आपल्या विकण्याने कोणी सुटणार नाही. अमेरिकेतल्या दोन मोठ्या बँकांनी 2019 मध्ये या कंपन्यांना नवं कर्ज न देण्याचं जाहीर केलं, तेव्हा कंपन्यांना त्याची झळ बसली. आपल्या थोड्याशा रकमेने तेवढंही होणार नाही. पण दर जूनमध्ये आपण एखाद्या मुलीच्या हातात चेक ठेवतो. त्यातला एक रुपयासुद्धा मिनूच्या भावासारख्या कोणाच्या कोठडीतल्या दिवसांतून आलेला मला नको. मला ते तिच्या तोंडावर सांगता येणार नाही.

आलीराजपूरच्या मुलासाठी अर्ज लावला होता, जामीनदाराची अट काढून निजी मुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडावं म्हणून. काल मान्य झाला. संध्याकाळी सुटकेचा हुकूम जेलवर पोचला आणि तासाभरात तो बाहेर आला. त्याच्याकडे बसभाड्याचे पैसे नव्हते. ते जेलच्या शिपायाने दिले.

काकू

प्रेषक: बाळासाहेब, खजिनदार (फिनिक्स)

सर्वांना नमस्कार.

आठ उत्तरं आली, सगळी काढण्याच्या बाजूने. अप्पांनी फोनवर आपलंही मत तिकडे धरायला सांगितलं. त्या फंडातली आपली रक्कम सोमवारी विकतो आणि शिष्यवृत्तीचे चेक जाईपर्यंत साध्या मुदत ठेवीत ठेवतो. व्याज थोडं कमी पडेल. तो फरक मी आणि आमची सौ. भरून काढू.

काकू, खुल्या कॉलनीतल्या मुलांच्या शाळेला वह्या-पुस्तकं लागत असतील तर कोणाशी बोलायचं ते कळवा. मी डिसेंबरात इंदूरला येतो आहे.

बाळासाहेब