शहापूरमधील भाड्याच्या घराची अनामत रक्कम घरमालक परत करत नाहीत. पुढे काय करावे?

प्रश्न : खानापूरचा रहिवासी

सर्वांना नमस्कार. ६०,००० रुपयांच्या अनामत रकमेबाबत, म्हणजे आपल्या बेळगावात ज्याला सर्रास अ‍ॅडव्हान्स म्हणतात त्याबाबत, मला मार्गदर्शन हवे आहे.

जून २०२२ मध्ये मुलांच्या शाळेसाठी आम्ही शहापूरमध्ये दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले. मी त्या काळात गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात कामाला होतो आणि पंधरवड्यातून एकदाच घरी येत असे. त्यामुळे करारपत्र पत्नीच्या नावाने झाले. अनामत रकमेपैकी ४०,००० रुपये पत्नीच्या बँक खात्यातून घरमालकांच्या खात्यात गेले आणि २०,००० रुपये रोख दिले. रोख रकमेची वेगळी पावती घेतली नव्हती. मात्र संपूर्ण ६०,००० रुपये मिळाल्याचा उल्लेख करारपत्रात आहे, असे त्या वेळी आम्हाला वाचून दाखवले होते. करारपत्र बाँड पेपरवर कन्नडमध्ये टंकलिखित केलेले असून मूळ प्रत आमच्याकडे आहे. आम्हा दोघांनाही कन्नड बोलता येते, पण कायदेशीर मजकूर वाचण्याइतके येत नाही.

करार ११ महिन्यांचा होता. मुदत संपल्यावर नवीन करार केला नाही. भाडे ८,००० वरून ८,५०० रुपये करण्याचे तोंडी ठरले आणि ते दरमहा बँकेतून जात राहिले. खानापुरातील आमचे घर बांधून पूर्ण झाल्यावर एक महिना आधी कळवून आम्ही ३१ जानेवारी २०२५ रोजी घर सोडले. घरमालक मुलाकडे पुण्यात राहतात, म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून चावी त्यांच्या पुतण्याकडे दिली. हेस्कॉमचे शेवटचे वीजबिलही आम्हीच भरले. फेब्रुवारीत त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत संदेश आला, की रंगकामाचा हिशेब झाला की तुमच्या अ‍ॅडव्हान्सचे बघू. त्यानंतर त्यांनी ना फोन उचलला, ना संदेशाला उत्तर दिले. शेजाऱ्यांकडून कळले, की मार्चपासून त्या घरात दुसरे भाडेकरू राहत आहेत. पुतणे म्हणतात, काकांशीच बोला.

आता सहा महिने उलटून गेले आहेत. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो होतो; हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, असे सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवले. ही रक्कम घराच्या बांधकामासाठी घेतलेल्या हातउसन्या पैशांच्या परतफेडीसाठी ठेवलेली होती, आणि ज्यांच्याकडून ते घेतले त्यांच्यासमोर जाण्याचा आता संकोच वाटतो. करार संपलेला असताना रकमेवर आमचा हक्क उरतो का, आणि घरमालक महाराष्ट्रात असताना दाद नेमकी कोठे मागायची, हे कृपया सांगावे.

उत्तर १ : चंदगडकर

आपली अडचण वाचून वाईट वाटले. भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. ती त्याने पाळली नसेल, तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आपला करार नोंदणीकृत नसल्याने हा मुद्दा आपल्याच बाजूने जाईल. आमच्या गावातील एका भाडेकरूला याचा चांगला उपयोग झाला होता. घरमालक पुण्यातच राहत असल्याने सरळ पुण्यात वकील गाठावा, असे मला वाटते.

उत्तर २ : निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, बेळगाव

चंदगडकर यांनी सांगितलेली तरतूद खरी आहे, पण ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ मधील आहे. घर शहापुरात, म्हणजे कर्नाटकात आहे, त्यामुळे ती येथे लागू होत नाही. आपल्या भागात निम्मे नातेवाईक सीमेपलीकडे असल्याने तिकडचा कायदा इकडे सांगितला जाणे स्वाभाविक आहे. परंतु नोटिशीत चुकीच्या राज्याचा कायदा लिहिला गेला, तर समोरचा वकील पहिल्याच उत्तरात त्यावर बोट ठेवतो. ही चूक मी नोकरीच्या काळात अनेकदा पाहिली आहे.

कर्नाटकाचाही १९९९ चाच भाडे अधिनियम आहे. मात्र तो ठरावीक मर्यादेपर्यंतच्या भाड्यालाच लागू होतो: अनुसूचीत नमूद केलेल्या शहरी भागांत दरमहा ३,५०० रुपये आणि इतरत्र २,००० रुपये. आपले भाडे ८,५०० रुपये असल्याने आपले प्रकरण त्याच्या कक्षेबाहेर जाते आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ व प्रत्यक्ष करारपत्र यांवरच चालते. निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत घेता येते, असेही आपल्या कानावर पडेल. ती तरतूद केंद्राने २०२१ मध्ये तयार केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातील आहे. तो केवळ नमुना आहे; राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कोणावरही बंधनकारक ठरत नाही.

करार संपला म्हणून हक्क संपत नाही. मुदत संपल्यानंतरही भाडेकरू घरात राहिला आणि मालकाने भाडे स्वीकारत राहण्याचे चालू ठेवले, तर १८८२ च्या अधिनियमातील कलम ११६ नुसार, वेगळे काही ठरले नसल्यास, निवासी घराची भाडेपट्टी महिन्यागणिक पुढे चालू राहिली असे मानले जाते. भाड्यातील वाढ तोंडी ठरली असली, तरी अनामत रकमेच्या अटीला त्यामुळे धक्का लागत नाही.

आता पुराव्याकडे वळू, कारण अशी प्रकरणे तेथेच जिंकली किंवा हरली जातात. ४०,००० रुपयांची बँकेतील नोंद आपल्याकडे आहे. रोख २०,००० रुपयांसाठी करारपत्रातील पोचेचा मजकूर हाच आधार आहे, म्हणून ते करारपत्र आजच विश्वासातील कन्नड जाणकाराकडून ओळ न् ओळ वाचून घ्यावे. रंगकामाबद्दल त्यात काय लिहिले आहे, हे विशेष पाहावे. त्यात काहीच लिहिलेले नसेल, तर कलम १०८ प्रमाणे सर्वसाधारण वापरातून होणाऱ्या झिजेचा भार भाडेकरूवर येत नाही, आणि भिंतीचा रंग उतरणे ही झीजच आहे. लिहिलेले असेल, तर ते मान्य करावे लागेल. बाँड पेपर अपुऱ्या मुद्रांक शुल्काचा असल्यास कर्नाटक मुद्रांक अधिनियम, १९५७ नुसार उरलेले शुल्क आणि त्याच्या दहापट दंड भरल्याशिवाय न्यायालय तो पुराव्यात घेत नाही. त्यामुळे दावा दाखल करण्यापूर्वी वकिलाकडून तेवढे तपासून घ्यावे.

फेब्रुवारीतील संदेश मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपली रक्कम त्यांच्याकडे आहे आणि हिशेब व्हायचा आहे, हे घरमालकांनी स्वतःच्या शब्दांत कबूल केले आहे. तो ज्या फोनवर आला तो फोन विकू नये व संदेश पुसू नये. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला, की ते काम सोपे होते. चावी दिल्याची लेखी पोच नाही, ही उणीव आहे. परंतु मार्चपासून तेथे दुसरे कुटुंब राहत असल्यास ताबा घरमालकांना मिळाला हे त्यातूनच दिसते. शेजाऱ्यांपैकी कोणी साक्ष देण्यास तयार आहे का, हे आताच विचारून ठेवावे, कारण दोन वर्षांनी माणसे आणि त्यांच्या आठवणी दोन्ही हलतात.

दाद बेळगावातच मागता येते. घर येथे आहे, करार येथे झाला आणि पैसे येथून दिले गेले. दाव्याचे कारण जेथे घडले तेथे दावा चालतो, अशी तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० मध्ये आहे. हुकूमनामा मिळाल्यावर तो अंमलबजावणीसाठी पुण्याच्या न्यायालयाकडे पाठवता येतो. मुदत तीन वर्षांची असते आणि ती घर सोडल्याच्या तारखेपासूनच मोजणे शहाणपणाचे ठरेल, म्हणजे जानेवारी २०२८ च्या अखेरीच्या आत दावा दाखल झालाच पाहिजे.

तथापि दाव्यापूर्वी नोटीस पाठवा. करार पत्नीच्या नावावर असल्याने नोटीस त्यांच्याच नावाने गेली पाहिजे. आपल्या नावाने गेल्यास तुमचा संबंध काय, हा प्रश्न सहज उभा राहील. त्यात किती रक्कम कोणत्या तारखेला कशी दिली, घर कधी सोडले, पैसे किती दिवसांत हवेत, आणि न मिळाल्यास नोटिशीच्या तारखेपासून व्याज मागितले जाईल, हे स्पष्ट लिहावे. व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मागता येते, म्हणून ते वाक्य वगळू नये. घरमालक मराठी आहेत, तेव्हा त्यांना समजेल असे मराठी पत्र सोबत जोडण्यास हरकत नाही. मुख्य नोटीस मात्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असावी. येथील न्यायालयात मराठी कागदाचे भाषांतर करावे लागते.

आणखी एक बाब आपल्या लक्षात आली नसावी. कायदा सेवा प्राधिकार अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपल्या पत्नी खानापूर न्यायालयाच्या आवारातील तालुका कायदा सेवा समितीकडे किंवा बेळगावात जिल्हा प्राधिकाराकडे अर्ज करू शकतात. १५१०० या क्रमांकावरही प्राथमिक माहिती मिळते.

उत्तर ३ : अनगोळवासी

मी याच वाटेने गेलो आहे, म्हणून एक सावधगिरीची सूचना देतो. माझे ४०,००० रुपये अडकले होते आणि दावा दाखल न करता मी प्राधिकाराकडे अर्ज केला. घरमालकांना बोलावणे गेले, ते दुसऱ्या तारखेला आले आणि ३५,००० रुपयांवर तडजोड झाली. त्यांनी पुढील तारखेचा धनादेश दिला; तो वटला नाही.

धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर पैसे भरण्यासाठी समोरच्याला १५ दिवस मिळतात, आणि तरीही पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात न्यायालयात फौजदारी तक्रार करावी लागते. मी मेमो हातात घेऊन तीन आठवडे केवळ फोन करत बसलो होतो आणि मुदत जवळपास संपत आली होती. नोटीस गेल्यावर बाराव्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले. तडजोड झालीच, तर ती लोक अदालतीसमोर नोंदवून निवाडा करून घ्यावा. त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील होत नाही आणि रक्कम न दिल्यास सरळ अंमलबजावणी मागता येते. साध्या कागदावरील सह्यांवर मी विसंबलो, ती माझी चूक होती.

प्रश्नकर्ता : खानापूरचा रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या गल्लीतील एका निवृत्त कन्नड शिक्षकांकडून काल करारपत्र वाचून घेतले. ६०,००० रुपये मिळाल्याचा स्पष्ट उल्लेख त्यात आहे. परंतु नवव्या अटीत असेही आहे, की घर सोडताना रंगकामासाठी एका महिन्याचे भाडे कापले जाईल. ही अट आम्हाला कधी सांगितली गेली नव्हती. शिवाय २०२३ च्या दिवाळीत आम्ही स्वखर्चाने दोन्ही खोल्या रंगवल्या होत्या. अशा स्थितीत संपूर्ण ६०,००० मागावेत, की ८,५०० वजा करावेत? पत्नीचे म्हणणे आहे, की जे आपले नाही ते मागू नये, पण जे आहे ते सोडूही नये.

उत्तर २ : निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, बेळगाव

आपल्या पत्नीचे म्हणणे मला योग्य वाटते. २०२३ च्या रंगकामाचा खर्च घरमालकांच्या संमतीने केल्याचा लेखी पुरावा असल्यास तो जरूर मांडावा. तो नसेल, तर सही केलेली अट वाचली नव्हती, हे कारण न्यायालयात टिकत नाही. ८,५०० रुपये अटीप्रमाणे स्वतःच वजा करून ५१,५०० रुपयांची मागणी करावी. त्यामुळे हिशेब व्हायचा आहे, हे घरमालकांचे एकमेव कारण नोटिशीतच संपून जाते. माझ्या अनुभवात अशा प्रामाणिक आकड्यावर तडजोड लवकर होते.

नोटीस पुण्याच्या पत्त्यावर आणि शहापूरच्या घराच्या पत्त्यावर अशा दोन प्रती पोचपावतीसह पाठवाव्यात. घेण्यास नकार, असा शेरा मारून पाकीट परत आले, तर ते उघडू नये. पोस्टाच्या शिक्क्यासह बंद स्थितीतच वकिलांकडे द्यावे. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली गेली, तर ती पोहोचल्याचे न्यायालय गृहीत धरते आणि ते बंद पाकीटच त्याचा पुरावा असते.