ठोकल्यावर तांबे कडक का होते? धातुबंध तर तोच राहतो ना?

प्रश्न

मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. धातूंमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन सर्व अणूंना मिळून बांधून ठेवतात आणि म्हणूनच धातू वर्धनीय असतात, म्हणजे ठोकून पसरवता येतात, असे मी मुलांना सांगत आले आहे. मागील महिन्यात पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहण्याचा योग आला. कारागीर तांब्याचा पत्रा ठोकत होते. काही वेळाने पत्रा वाकेनासा झाला, तेव्हा त्यांनी तो लालसर होईपर्यंत तापवला, पाण्यात बुडवला आणि तो पुन्हा मऊ झाला. धातूही तोच आणि बंधही तोच, मग कडकपणा कोठून आला आणि कोठे गेला? हे मुलांना कसे समजवावे?

प्रतिसाद १

आपले वर्धनीयतेचे स्पष्टीकरण बरोबर आहे, मात्र ते अर्धे आहे. मिठाच्या खड्यावर हातोडी मारली, तर आयनांचा थर किंचित सरकताच समान प्रभार समोरासमोर येतात आणि खडा फुटतो. तांब्यात धन आयनांभोवती इलेक्ट्रॉन सर्वत्र पसरलेले असल्यामुळे थर सरकला तरी बंध नव्या जागी तसाच जुळतो. येथवर बंधाचे काम आहे.

परंतु संपूर्ण थर एकाच वेळी सरकतो असे मानून बळ मोजले, तर ते प्रत्यक्षापेक्षा शेकडो पटींनी जास्त येते. ही विसंगती १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सोडवली. स्फटिकातील अणूंच्या रांगांत मुळातच दोष असतात आणि थर सरकतो तो या दोषांच्या वाटेने. जड सतरंजी एकदम ओढता येत नाही, पण तिला एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सतरंजी सहज सरकते, तसेच हे आहे. ठोकताना अशा सुरकुत्या प्रचंड संख्येने वाढतात, एकमेकींत अडकतात आणि पत्रा वाकेनासा होतो. तापवल्यावर अणूंना हालचालीस वाव मिळतो, जवळजवळ दोषरहित असे नवे स्फटिककण तयार होतात आणि तांबे पुन्हा मऊ पडते.

वर्गात दाखवायचे असेल, तर तांब्याची जाड तार एकाच ठिकाणी मागे-पुढे वाकवा. चार-पाच वेळांतच ती बोटांना ताठ लागू लागते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाला पूरक असा एक पुरावा देतो, कारण ‘बंध बदललेला नाही’ हे नुसते सांगून मुलांना पटत नाही. अणूंना बांधणारे मुक्त इलेक्ट्रॉनच वीजही वाहून नेतात. ठोकून कडक केलेल्या तांब्याची विद्युतवाहकता केवळ काही टक्क्यांनी घटते आणि त्याची घनता जवळपास तेवढीच राहते. याउलट तांब्यात ३० टक्के जस्त मिसळून पितळ केले, की वाहकता सुमारे एक चतुर्थांशावर येते, कारण परके अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेत जागोजागी अडथळा आणतात.

बंधाची ताकद खरोखर दिसते ती उत्कलनांकात. सोडियम ८८३ अंश सेल्सिअसला, मॅग्नेशियम सुमारे १,०९० अंशांना, तर ॲल्युमिनियम जवळपास २,४७० अंशांना उकळते. प्रत्येक अणू अनुक्रमे एक, दोन आणि तीन इलेक्ट्रॉन सामायिक साठ्यात देतो. द्रवणांकावर मात्र फार विसंबू नये. गॅलियम तळहातावर, ३० अंशांच्या आतच वितळते, पण उकळण्यासाठी त्याला २,२०० अंशांहून अधिक तापमान लागते. त्याच्या घन स्वरूपातील रचना वेगळी आहे, एवढेच ते लवकर वितळण्याचे कारण. द्रवातही धातुबंध शाबूत असतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. वाहकतेचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. एकच शंका उरते: पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कडक होते, मग तांबे मऊ का होते?

प्रतिसाद १

तांबे तापवतानाच मऊ झालेले असते; पाण्यात बुडवल्याने ते फक्त लवकर थंड होते आणि वरची काळी खपली बरीचशी सुटते. पोलादात कार्बन असतो. ते लालबुंद असताना कार्बनचे अणू लोखंडाच्या जालकात (अणूंच्या नियमित मांडणीत) सामावतात आणि अचानक थंड केल्यास बाहेर पडायला वेळ न मिळाल्याने तेथेच अडकून जालक ताणतात. शुद्ध तांब्यात असे अडकणारे काहीच नसते, त्यामुळे ते हवेत सावकाश निवू दिले तरी तितकेच मऊ राहते.