९१ किलोमीटरचे भुयार: भारताने त्यात पैसे घालावेत का?

धागाकर्ती (भौतिकशास्त्राची प्राध्यापिका, जुळे सोलापूर):
जिनिव्हाजवळची सर्न ही कणभौतिकीची संस्था आपल्या २७ किलोमीटर घेराच्या भुयारानंतर सुमारे ९१ किलोमीटर घेराचा नवा कणत्वरक (कणांना प्रचंड वेग देऊन एकमेकांवर आदळवणारे यंत्र) उभारण्याच्या विचारात आहे. पहिल्या टप्प्याचाच खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक सांगितला जातो. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, आणि त्याने याही कामात उतरावे, असे माझे ठाम मत आहे. २०१२ मध्ये हिग्ज कण (मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण) सापडला, परंतु हे कण एकमेकांवर किती जोराने परिणाम करतात, याचे नेमके मोजमाप अजून व्हायचे आहे, आणि विश्वाच्या आरंभी अवकाशाची अवस्था कशी पालटली हे त्याशिवाय नीट उलगडणार नाही.

यंत्रमागधारक, अक्कलकोट रस्ता:
मॅडम, आपल्या विषयाबद्दल मला आदर आहे. पण हिग्ज कणाची कल्पना १९६४ मध्येच मांडली गेली होती. काय शोधायचे हे ठाऊक होते, म्हणून ते यंत्र बांधणे योग्य ठरले. नव्या भुयारात नवा कण सापडेलच, अशी खात्री कोण देतो? ज्या सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला तीन-चार दिवसांनी पाणी आले, तिथल्या माणसाने हे विचारलेच पाहिजे. अवकाश आणि काळच समजून घ्यायचा असेल, तर हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ चार किलोमीटर लांबीच्या भुजांची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. आधी ती पुरी करा.

निवृत्त शिक्षक, सात रस्ता:
लायगो हवीच. पण तिच्यामुळे कणत्वरकाची गरज संपत नाही, कारण ती दूरच्या कृष्णविवरांच्या टकरींमुळे अवकाशाला बसणारा ताण टिपते आणि कणत्वरक अत्यंत सूक्ष्म अंतरांवर काय घडते ते दाखवतो. आणि काळाबद्दल तर कणांकडूनही शिकता येते. आपला तळहात आडवा धरून पाहा. साधारण दर सेकंदाला एक म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड आणि अल्पायुषी कण) त्यातून आरपार जातो. तो आकाशात दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मतो, आणि त्याचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असल्याने, काळ सर्वांसाठी सारखाच वाहत असता तर प्रकाशाच्या वेगानेही तो सरासरी ६६० मीटरच आला असता. तो आपल्या अंगणापर्यंत पोहोचतो, कारण वेगामुळे त्याचा काळ आपल्या दृष्टीने मंदावतो.

यंत्रमागधारक:
गुरुजी, मग आकाशातून फुकट मिळणाऱ्या पुराव्यासाठी भुयार कशाला?

निवृत्त शिक्षक:
कारण वरून येणाऱ्या प्रत्येक म्यूऑनचा वेग वेगळा असतो. सर्नमध्येच १९७० च्या दशकात चौदा मीटर व्यासाच्या चुंबकीय वलयात म्यूऑन ठरावीक वेगाने फिरवले, तेव्हा त्यांचे आयुष्य सुमारे २९ पटींनी वाढून ६४ मायक्रोसेकंदांच्या आसपास भरले, आणि वेगामुळे काळ किती मंदावतो हे सांगणाऱ्या आइन्स्टाइनच्या सूत्राशी ते हजारात एक-दोन भागांच्या फरकाने जुळले. इतकी अचूकता ढगांखाली उभे राहून मिळत नाही. आपण मागावर नवे डिझाइन चढवण्याआधी सूत तपासताच ना? हे तसेच आहे.

यंत्रमागधारक:
म्यूऑनचे मान्य. पण चौदा मीटरचे वलय आणि एक्क्याण्णव किलोमीटरचे भुयार यांची किंमत सारखी नाही.

धागाकर्ती:
नाही, आणि म्हणूनच भारताचा वाटा रोख रकमेपेक्षा वस्तूंच्या रूपाने जास्त असावा, असे मी म्हणेन. सध्याच्या त्वरकाचे चुंबक नेमक्या जागी टेकवून धरणारे हजारो जॅक भारतातून गेले आहेत. तसे काम पुन्हा मागून घेता येईल.

यंत्रमागधारक:
तसे लेखी ठरले, आणि त्यातले काही काम आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांपर्यंत आले, तर माझा विरोध निम्मा कमी होईल. उरलेला निम्मा पाण्याबद्दलचा आहे.