अनुभव: पाणथळींचे हवाई फोटो आणि लॅबमधले पहिले महिने

लवकरच एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून रुजू होतेय. ड्रोन आणि उपग्रहाच्या फोटोंवरून पाणथळींच्या हद्दी आखायच्या आहेत. हे काम केलेल्यांनी सुरुवातीचे अनुभव लिहा. "मेहनत कर" एवढंच नको, ते घरी रोज ऐकतेय.

खाडीकर: ठाणे खाडी. आमच्या पीएचडीवाल्या ताईंनी क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) उघडू देण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायला बसवलं. तेव्हा वैताग आला, पण बरोबर होतं त्यांचं. ओहोटीला उघडा दिसणारा चिखल भरतीच्या फोटोत नुसतं पाणी असतो. वेळ न बघता दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की 'चिखलपट्टी घटली' म्हणून मोकळं होता येतं, आणि बातमीही छापून येते! इन्फ्रारेड बँड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) फोटोत लाल रंगात लावला की कांदळवन गडद लाल, पाणी जवळपास काळं दिसतं. दिसायला झकास, पण खारफुटीची जात तेवढ्यावरून ठरवू नकोस. बूट घाल, चिखलात उतर.

गोदाकाठचा: नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर, रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) आलेलं. तिथं जलपर्णी आणि काठचं पीक वरून सारखंच हिरवंगार. एका तारखेच्या फोटोवर विसंबू नये. पीक काढणीनंतर जातं, जलपर्णी वाऱ्याबरोबर जागा बदलते.

बर्फातली मराठी: मी मिनेसोटात. इथे बर्फ वितळल्यावर, पालवी फुटायच्या आधीचे हवाई फोटो वापरतात, म्हणजे झाडांखालचं पाणीसुद्धा दिसतं. प्रत्येक तुकड्याला कोड द्यायचा. 'पीईएम1सी' म्हणजे गोड्या पाण्याची, उभ्या गवताळ वनस्पतींची, हंगामी पाण्याची जागा. सुरुवातीला स्वप्नातही कोड यायचे. प्राध्यापकांना नावाने हाक मारणं मात्र अजून जड जातं.

अनामिक: कामाचं सगळे सांगतील, मी पैशाचं सांगतो. मानधन वेळेवर येईलच असं धरू नकोस, काही महिन्यांचं घरभाडं बाजूला ठेव. आणि पेपरवर तुझं नाव येणार का, हे सुरुवातीलाच विचार. सर रागावत नाहीत. रागावले तर तेही आधीच कळलेलं बरं.

खाजणकार: गोंयचीं खाजनां (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं) विसरू नकात! पावसात भातशेत, एरवी मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आत आलेलं खारं पाणी. 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून भातशेती आणि मिठासाठी बांधलेली तळी वगळली आहेत. त्यामुळे तू कुठल्या तुकड्याला काय नाव देतेस, यावर त्याचं संरक्षण अवलंबून असू शकतं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारल्याशिवाय रेघ ओढू नकोस.

धागाकर्ती: मग सोडून दिलेल्या मिठागरात खारफुटी वाढली असेल तर ते कशात धरायचं?

खाडीकर: आमच्या लॅबमध्ये यावरून अजून भांडण चालू आहे. चहाच्या वेळेला ये.